मुलांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती : क्लबने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. क्लबमध्ये दर हंगामात मुलांना शिडाची होडी चालवायला शिकवणारे वर्ग होतात आणि ते भरतातही, पण शिकलेली मुले शर्यतींकडे वळत नाहीत. दोन-तीन मुले बाहेरच्या स्पर्धांना जातात, शेवटच्या क्रमांकांत येतात आणि मग हळूहळू त्यांचे येणेच थांबते. अशा परिस्थितीत कार्यकारिणीने आधी नव्या होड्या घ्याव्यात, बाहेरून कोच नेमावा, की निवडक मुलांचा संघ उभा करावा?

माझे मत असे की या तिन्हींपैकी एकही गोष्ट आधी करण्याची नाही. मुले गळतात ती जागा वर्ग आणि स्पर्धा यांच्या मधली आहे, आणि बहुतेक क्लबांकडे त्या जागेसाठी काहीच योजलेले नसते. होडी वळवता येते, उलटली तर सरळ करता येते, टॅक घेत (होडीचे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवत) वाऱ्याच्या दिशेने वर चढता येते, एवढे जमले की वर्ग संपतो. त्यानंतर मुलासमोर जे येते ते थेट अनोळखी पाण्यावरची, दोन-तीन दिवस चालणारी, मोठ्या ताफ्याची स्पर्धा. तिथे वर्षानुवर्षे शर्यती केलेल्या मुलांच्या मागे ते एकटे पडते, आपण नेमके कुठे कमी पडलो हेही त्याला कळत नाही, आणि घरी परतताना ‘हे आपले काम नव्हे’ असा निष्कर्ष ते काढते. मधली पायरी म्हणजे क्लबच्याच पाण्यावर, ओळखीच्या मुलांबरोबर, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी होणाऱ्या छोट्या शर्यती. ही पायरी नीट बांधली की होड्या, कोच आणि संघ यांचे प्रश्न योग्य वेळी आणि योग्य आकारात समोर येतात. ती नसेल तर या तिन्ही गोष्टींवर केलेला खर्च दोन-तीन हुशार मुलांपुरताच उरतो.

या पायरीवर येण्याची अट फार वरची ठेवू नये. मुलाला तीन बोयांचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचा) त्रिकोण एकट्याने पुरा करता यावा, उलटलेली होडी सरळ करून तिच्यातले पाणी उपसता यावे आणि सांगितल्या जागी होडी थांबवता यावी, एवढे पुरेसे आहे. यांतली तिसरी गोष्ट शिकवण्याच्या वर्गांत बरेचदा राहून जाते. शीट (शीड ओढून धरण्याचा दोर) सैल सोडून शीड फडफडत ठेवणे, वाऱ्याशी कोन साधून होडी जागच्या जागी धरणे आणि पुन्हा वेग घेणे हे ज्याला येते तेच मूल गर्दीच्या स्टार्ट लाइनवर न घाबरता उभे राहू शकते.

शर्यतीच्या दिवसाचा आराखडा करताना एकच कसोटी लावावी : मुलाला दुपारभरात किती स्टार्ट मिळाले? तासाभराच्या एका लांब शर्यतीत एकच स्टार्ट असतो. तो हुकला की उरलेला वेळ मूल दुसऱ्यांची शिडे मागून पाहत काढते. त्याच वेळात दहा-बारा मिनिटांच्या चार शर्यती घेतल्या तर चार स्टार्ट, मार्कला (शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या बोयाला) वळसे घालण्याच्या कितीतरी संधी आणि मुख्य म्हणजे चुकलेली गोष्ट लगेच पुन्हा करून पाहण्याची मुभा मिळते. एक मार्क वाऱ्याकडे, एक वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि त्यांच्यात वर-खाली एक किंवा दोन फेऱ्या, एवढा मार्ग पुरतो. आंतरराष्ट्रीय नियमांतील स्टार्टचा क्रम ५, ४, १ आणि शून्य मिनिटांच्या संकेतांचा असतो, आणि तो मुलांनी शिकायलाच हवा. पण रोजच्या सरावाला तीन मिनिटांचा क्रम अधिक सोयीचा, कारण त्यात दोन शर्यतींमधला रिकामा वेळ कमी होतो. शिट्टीच्या आवाजाबरोबर झेंडेही दाखवावेत. नियमांप्रमाणे वेळ झेंड्यावरून धरली जाते, आवाजावरून नाही, ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

स्टार्ट लाइनची लांबी हा दुर्लक्षित पण महत्त्वाचा तपशील आहे. होड्यांची संख्या गुणिले होडीची लांबी, आणि त्याच्या सव्वा ते दीडपट, हे ढोबळ माप मी वापरतो. ऑप्टिमिस्ट या लहान मुलांच्या होडीची लांबी सुमारे २.३६ मीटर असते. म्हणजे दहा होड्यांसाठी तीस ते पस्तीस मीटरची लाइन झाली. त्याहून आखूड लाइनवर नवी मुले धडकांना भिऊन मागे राहतात आणि फार लांब लाइनवर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यातून निघतो, त्यामुळे शेजारच्या होडीशी खेळायचे डावपेच कुणीच शिकत नाही. कमिटी बोट (शर्यत चालवणाऱ्यांची, लाइनच्या टोकाला नांगरलेली बोट) लावायला माणसे नसतील त्या दिवशी रॅबिट स्टार्ट घ्यावा : एक होडी डाव्या बाजूने वारा घेत, वाऱ्याला जितके जवळ जाता येईल तितके धरून, ताफ्यासमोरून आडवी जाते आणि बाकीच्या होड्या उजव्या बाजूने वारा घेत तिच्या मागून एकेक करून निघतात. यात नांगर लागत नाही, झेंडे लागत नाहीत आणि जवळपास सगळ्यांनाच मोकळा वारा मिळतो. मागच्या शर्यतीत शेवटी आलेल्या मुलाला ‘रॅबिट’ करावे, म्हणजे त्याला एकदा तरी ताफ्याच्या पुढे असण्याचा अनुभव मिळतो.

मागे पडणाऱ्या मुलांची व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी. पहिली होडी पोहोचल्यावर शेवटच्या होडीची वाट पाहत बाकीचे सगळे थंडीत किंवा उन्हात ताटकळतात, तेव्हा त्या शेवटच्या मुलावर सगळ्यांच्या नजरा असतात आणि ते त्याला चांगले ठाऊक असते. यावर सोपा उपाय आहे. ठरावीक वेळ उलटली की मागे असलेल्या होड्यांना त्या जिथे असतील तिथेच, त्या क्रमाने क्रमांक द्यावेत आणि पुढच्या स्टार्टला बोलवावे. मात्र ही पद्धत मालिकेच्या सूचनापत्रात लिहिलेली असावी. मोठ्या ताफ्यात सर्वांत नव्या मुलांचा ‘ग्रीन फ्लीट’ वेगळा काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आहे. त्यात कोचला शर्यत चालू असतानाच मुलांशी बोलता येते, जे एरवी नियम ४१ प्रमाणे बाहेरची मदत ठरले असते, आणि निकालापेक्षा शर्यत पुरी करण्याला मान असतो. पण लहान क्लबने मुलांचे फार गट पाडू नयेत. दहा होड्यांचे तीन गट केले तर एकाही गटात शर्यत उरत नाही.

आता सांघिक शर्यतींविषयी, ज्यांचा उपयोग लहान क्लब फारच कमी करतात याची मला मनापासून खंत वाटते. चार सारख्या होड्या असल्या की दोन-दोन होड्यांचे दोन संघ होतात. क्रमांकांची बेरीज ज्याची कमी तो संघ जिंकतो, आणि बेरीज सारखी झाली तर पहिला क्रमांक ज्याच्याकडे नाही त्या संघाला विजय मिळतो. पहिला आणि चौथा मिळून पाच होतात, दुसरा आणि तिसरा मिळूनही पाचच होतात, आणि विजय दुसऱ्या-तिसऱ्यांचा ठरतो. म्हणजेच व्यवहारात नियम असा होतो की ज्या संघाची होडी शेवटी, तो संघ हरला. हे लक्षात आले की सर्वांत वेगवान मुलाला पुढे पळून जाण्यात काहीच अर्थ उरत नाही. त्याला मागे वळून आपल्या जोडीदाराला वाट काढून द्यावी लागते, प्रतिस्पर्ध्याचा वारा अडवावा लागतो, मार्कजवळ थांबावे लागते आणि हे सगळे नियम मोडल्याशिवाय करावे लागते. तीन-तीन होड्यांच्या सामन्यात एकूण बेरीज २१ असते, म्हणून दहा किंवा कमी गुण मिळवणारा संघ जिंकतो. पहिला, पाचवा आणि सहावा येणारा संघ बारा गुणांनी हरतो आणि दुसरा, तिसरा, चौथा येणारा नऊ गुणांनी जिंकतो. हे गणित मुले अगदी लवकर आत्मसात करतात आणि पाण्यावर एकमेकांना ओरडून सांगू लागतात. ऑप्टिमिस्टमध्ये चार-चार होड्यांचे सामने होतात. तिथे बेरीज ३६ आणि जिंकण्याची खात्री देणारा आकडा १७.

या प्रकारात होडी हाताळण्याचे कौशल्य तर झपाट्याने वाढतेच, पण त्याहून मोलाचे म्हणजे ताफ्यातल्या सर्वांत संथ मुलाच्या होडीवर सामन्याचा निकाल ठरतो. ते मूल पाचवे येते की सहावे, याची पहिल्यांदाच कुणाला तरी पर्वा असते. होड्या कमी असल्या तर दोन सामन्यांमध्ये मुलांची अदलाबदल करता येते, आणि किनाऱ्यावर थांबलेली मुले सामना पाहत नियमांवर वाद घालू लागतात. शेजारच्या क्लबला बोलवायचे तर त्यांना होड्या वाहून आणाव्या लागत नाहीत, यजमानांच्याच होड्यांवर दोन्ही संघ आळीपाळीने बसतात. म्हणून दर महिन्यातला एक दिवस सांघिक शर्यतींसाठी राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

नियम शिकवताना नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचे शर्यतीचे नियम दर चार वर्षांनी सुधारले जातात आणि सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ साठीची आहे, पण मुलांना सुरुवातीला लागतो तो गाभा बदललेला नाही. डाव्या बाजूने वारा घेणारी होडी उजव्या बाजूने वारा घेणारीपासून दूर राहते (नियम १०). एकाच बाजूने वारा घेणाऱ्या शेजारशेजारच्या दोन होड्यांत वाऱ्याकडची होडी वाऱ्याखालच्या होडीपासून दूर राहते (नियम ११), मागची पुढचीपासून दूर राहते (नियम १२) आणि टॅक घेत असलेली होडी इतरांपासून दूर राहते (नियम १३). मार्कजवळ आतल्या होडीला जागा देण्याचा नियम १८ मात्र कठीण आहे. तो टेबलावर छोट्या होड्या मांडून, एका वेळी एकच प्रसंग घेऊन शिकवावा. चूक झाली तर दंड कसा घ्यायचा हे मात्र पहिल्याच आठवड्यात शिकवावे : दुसऱ्या होडीचा हक्क मोडला तर लगेच बाजूला होऊन एकाच दिशेने दोन पूर्ण वळसे, प्रत्येकात एक टॅक आणि एक जाइब (होडीची मागची बाजू वाऱ्यातून वळवणे), मार्कला स्पर्श झाला तर एक वळसा. हे वळसे सराव म्हणून सगळ्यांकडून करवून घ्यावेत. ज्याला ते झटपट जमतात ते मूल चूक मान्य करायला कचरत नाही, आणि ज्याला जमत नाहीत ते वाद घालते, हे मी सातत्याने पाहत आलो आहे. तक्रारीची रीतसर सुनावणी मुलांच्या साप्ताहिक शर्यतींत सहसा लागू नये. ‘प्रोटेस्ट’ असा पुकारा करावा (सहा मीटरपेक्षा लहान होड्यांना लाल झेंडा दाखवावा लागत नाही) आणि किनाऱ्यावर आल्यावर नियम जाणणाऱ्या एका मोठ्या माणसासमोर दोघांनी प्रसंग मांडावा, इतके पुरते.

होड्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न ‘सर्वांत चांगली होडी कोणती’ हा नसून ‘आसपासचे क्लब कोणती चालवतात’ हा असावा, कारण एकाकी ताफा कितीही सुंदर असला तरी त्याला खेळायला कुणी मिळत नाही. लहान मुलांसाठी जगभर सर्वाधिक दिसणारी ऑप्टिमिस्ट ही क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे आखलेली होडी. प्लायवूडमधून, कमी खर्चात बांधता यावी असाच तिच्या रचनेमागचा विचार होता. तिचे शीड सुमारे साडेतीन चौरस मीटरचे आणि नुसत्या सांगाड्याचे वजन ३५ किलो असते, त्यामुळे चुका झाल्या तरी त्या आवाक्यात राहतात. जुन्या पण एकसारख्या आठ होड्या या तीन नव्या आणि पाच वेगवेगळ्या होड्यांपेक्षा केव्हाही चांगल्या. पालकांमध्ये खर्चाची चढाओढ सुरू होते ती शिडापासून. म्हणून क्लबच्या मालिकेत सगळ्यांनी क्लबचीच शिडे वापरावीत आणि ती दर आठवड्याला चिठ्ठी टाकून वाटावीत. नवे शीड घेता येत नाही म्हणून एखादे मूल मागे पडले, तर त्याची जबाबदारी क्लबची आहे.

तेराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान दुसरी मोठी गळती होते. मूल सोळा वर्षांचे होते त्या वर्षी त्याला ऑप्टिमिस्टच्या अधिकृत स्पर्धांत भाग घेता येत नाही, पण शरीर अनेकदा त्याआधीच होडीत मावेनासे होते. वजन पन्नास किलोच्या पुढे गेले की केवळ वयोमर्यादा शिल्लक आहे म्हणून मुलाला त्याच होडीत अडकवून ठेवणे चुकीचे आहे. पूर्वी लेझर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयएलसीए होडीचा इथे मोठा फायदा होतो : आयएलसीए ४, ६ आणि ७ या तिन्हींचा सांगाडा एकच, फक्त डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलते. त्यामुळे एका सांगाड्यावर मूल तेराव्या वर्षापासून थेट प्रौढ वयापर्यंत जाऊ शकते. पण या वयातली बरीच मुले एकटेपणामुळे सोडून जातात, होडीमुळे नव्हे. त्यांच्यासाठी आरएस फेव्हा किंवा ४२० सारख्या दोघांच्या निदान दोन-तीन होड्या क्लबने ठेवाव्यात. मित्र बरोबर असेल तर वारा नसलेली कंटाळवाणी दुपारही सुसह्य होते, आणि स्वतःला हुशार न समजणारे मूलही पुढच्या शिडाचा दोर धरत डावपेच शिकते.

कोच नेमताना त्याने जिंकलेल्या स्पर्धांपेक्षा तो पाण्यावर कुणाच्या मागे जातो ते पाहावे. कोचची बोट सतत पहिल्या तीन होड्यांच्या मागे दिसत असेल, तर तो क्लबचा कार्यक्रम चालवत नसून त्या तिघांचा सराव घेत आहे. सहा ते आठ मुलांमागे एक कोच, दिवसाला एकच उद्दिष्ट आणि किनाऱ्यावर आल्यावर दहा मिनिटांची चर्चा, एवढी शिस्त हवी. उद्दिष्ट नेमके असावे. उदाहरणार्थ, आज प्रत्येकाने संकेताच्या क्षणी लाइनपासून एका होडीच्या अंतरात असायचे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना सहायक म्हणून बरोबर घ्यावे. लहान मुले त्यांचे ऐकतात आणि पुढचे कोच तिथेच तयार होतात. मात्र कोणत्याही मोठ्या माणसाने एकाच मुलाबरोबर एकांतात असू नये, कपडे बदलण्याच्या जागी देखरेखीला दोन जण असावेत, आणि मुलांना पाठवलेले संदेश पालकांनाही दिसतील असे असावेत. हे नियम पहिल्याच दिवशी लेखी काढावेत, म्हणजे पुढे ते कुणा एका व्यक्तीवरचा संशय म्हणून वाचले जात नाहीत.

सुरक्षिततेबाबत मी तडजोड करत नाही. पाण्यात जाताना आणि बाहेर येताना प्रत्येक मुलाची फलकावर नोंद, अंगावर मापाचे तरंगजाकीट व शिट्टी, बचावबोट चालवणाऱ्याच्या अंगाला किल कॉर्ड (तो जागेवरून पडला तर इंजिन बंद करणारी दोरी), आणि पाण्यातल्या मुलाजवळ पोहोचताच इंजिन बंद. ऑप्टिमिस्टमध्ये हवेच्या पिशव्या फुगलेल्या आहेत, डोलकाठी उलटल्यावर निसटणार नाही अशी बांधलेली आहे आणि पुढे तरंगणारी, निदान आठ मीटर लांब व पाच मिलिमीटर जाड दोरी आहे, हे निघण्यापूर्वी मुलांनीच एकमेकांच्या होड्यांवर तपासावे. वाऱ्याचा वेग किती नॉटच्या पुढे गेला की नव्या मुलांनी पाण्यात जायचे नाही हे हंगामाच्या आधी ठरवावे (माझी मर्यादा साधारण बारा नॉटची असते), आणि शर्यत रद्द करण्याचा अधिकार त्या दिवशी आधीच नेमलेल्या एकाच व्यक्तीकडे असावा. शर्यतीत उतरायचे की नाही याची जबाबदारी नियमांनी स्पर्धकावर ठेवली असली, तरी दहा वर्षांच्या मुलाबाबत ती मोठ्यांनीच उचलायची असते.

पालकांना दूर ठेवू नये, त्यांना काम द्यावे. वेळ मोजणे, निकाल लिहिणे, नोंदफलक सांभाळणे, मार्क टाकणे, यांतले काहीही शिकायला एक दुपार पुरते, आणि काम करणारा पालक किनाऱ्यावरून ओरडत नाही. होडी मात्र मुलानेच बांधावी आणि आवरावी, पालकाने हात लावू नये. शर्यतीनंतर ‘कितवा आलास?’ याऐवजी ‘आज कोणता स्टार्ट चांगला झाला?’ असे विचारावे, एवढी विनंती मी प्रत्येक हंगामाच्या पहिल्या बैठकीत करतो.

गुणांची पद्धत साधी ठेवावी : पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि मालिकेअखेर कमी बेरजेचा विजेता. पण मुलांना परीक्षा असतात, ती आजारी पडतात, घरचे कार्यक्रम असतात. नेहमीच्या पद्धतीत न आलेल्याला मालिकेत नोंदलेल्या एकूण होड्यांच्या संख्येहून एक अधिक इतके गुण मिळतात, आणि दोन आठवडे चुकवलेले मूल मग येण्याचे कारणच गमावते. म्हणून एकूण शर्यतींपैकी सर्वोत्तम निम्म्या तेवढ्या धराव्यात. बाहेरच्या स्पर्धांना जायचे ते पहिल्या पूर्ण हंगामानंतर, आणि निवडक दोघांनी नव्हे तर तयार असलेल्या सगळ्यांनी मिळून, जवळच्या एकाच ठिकाणी. कार्यकारिणीला अहवाल देताना मी पदकांचा तक्ता पुढे करत नाही. मागच्या हंगामातली किती मुले या हंगामात परत आली, त्यांत निकालाच्या खालच्या निम्म्या भागातली किती होती आणि जी आली नाहीत त्यांच्या घरी फोन करून कोणते कारण कळले, या तीन गोष्टी लिहितो. नव्या होड्यांचा किंवा पूर्णवेळ कोचचा ठराव त्यानंतरच्या बैठकीत घ्यावा, कारण नेमक्या किती आणि कोणत्या होड्या लागतील हे त्या तीन गोष्टींवरूनच कळते.